कच्च्या केळ्याने ॲस्पिरिनचा अल्सर थांबला, पण उंदरात: एका जुन्या केसची पूर्ण गोष्ट

गुडघेदुखीचं माणूस असलेल्या कुठल्याही घरात औषधांचा डबा उघडा, डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅकच्या पाकिटाला लागून पॅन्टोप्राझोलचं पाकीट असतंच, केमिस्टसुद्धा आता विचारत नाही, दोन्ही एकदमच देऊन टाकतो. आणि त्याच घरात एखादी काकू किंवा मामा असतात ज्यांचं म्हणणं असतं की त्या ॲसिडिटीच्या गोळ्या कशाला, जेष्ठमध चघळ, शतावरी घे, कोरफडीचा गर खा. सांगायला काही पैसे पडत नाहीत. पण असलं काही खरंच चालतं का हे तपासायचं कसं, यावर मला सगळ्यात बोलकी वाटते ती केस कच्च्या केळ्याची. भारतात सुरू झाली, इंग्लंडला गेली, बनारसला पण जोरात चालली, जवळपास चाळीस वर्षं पेपर येत राहिले, रिझल्ट बहुतेक वेळा चांगलेच आले, आणि तरी त्याचं औषध काही झालं नाही. माझं मत आधीच सांगतो, प्रयोग खोटे नव्हते, पण पेशंटचा जो प्रश्न होता तो कोणी पेशंटवर विचारलाच नाही.

आधी थोडं पोटाचं. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे, आणि ती पोटाला लागते हे १९३८ मध्ये लंडनमध्ये डाउथवेट आणि लिंटॉट या दोन डॉक्टरांनी गॅस्ट्रोस्कोप घालून प्रत्यक्ष बघितलं, अस्तर लाल झालेलं, कुठे कुठे रक्त. का लागते हे कळायला १९७१ उजाडलं. जॉन व्हेन यांनी दाखवलं की या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणं बंद करतात (त्याचंच पुढे १९८२ चं नोबेल). आता गंमत अशी की सूज आणि दुखणं वाढवणारी प्रोस्टाग्लँडिनं आणि जठराचं अस्तर सांभाळणारी प्रोस्टाग्लँडिनं ही एकाच घराण्यातली, त्यामुळे गुडघ्याची बंद केली की पोटाची पण बंद होतात, मग वरचा चिकट थर पातळ होतो, बायकार्बोनेट कमी सुटतं, अस्तराला होणारा रक्तपुरवठा घटतो आणि स्वतःचंच ॲसिड स्वतःला खायला लागतं. ॲस्पिरिनचं अजून एक आहे, ती जिथे पडते तिथे थेट पण भाजते. म्हणजे दोन वाटा झाल्या, एक वरून आणि एक रक्तातून. म्हणून तर "जेवून घ्या" किंवा "कोटेड गोळी घ्या" असं करून प्रश्न पुरता सुटत नाही, आणि इंजेक्शनने घेतलं तरी पोट बिघडू शकतं. या दोन वाटा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

केळ्याची सुरुवात १९६० च्या दशकातली. ए. के. सन्याल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये फिनाइलब्युटाझोनने केलेल्या अल्सरवर केळ्याचा काय परिणाम होतो ते प्राण्यांत तपासलं. फिनाइलब्युटाझोन आता कोणाला आठवणार नाही, पण त्या काळात संधिवाताला हे जोरात चालायचं, पोट फाडायचं आणि पुढे रक्त तयार होणंच थांबवतं म्हणून बहुतेक ठिकाणी माणसांसाठी बंद झालं. तेव्हा पोटाला द्यायला होतंच काय? सिमेटिडिन यायचं होतं १९७६ ला, ओमेप्राझोल तर त्याच्याही कितीतरी नंतर. अँटासिड, दूध, पथ्य, आणि नाहीच जमलं तर ऑपरेशन. अशा वेळी सुकवलेल्या केळ्याच्या पावडरीने अल्सर कमी होतात हे दिसलं तर ते कुतूहलापुरतं नव्हतं, खरोखर गरजेचं होतं.

मग १९८४. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन युनिव्हर्सिटीत डी. ए. लुईस आणि मंडळींनी ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजीत पेपर काढला आणि तो या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे असं मला वाटतं. त्यांनी उंदरांना ॲस्पिरिन देऊन अल्सर केले आणि कच्च्या प्लँटेनची, म्हणजे भाजीच्या जातीच्या केळ्याची सुकी पावडर दिली. ती आधी दिली तर अल्सर कमी झाले, इथपर्यंत ठीक, असं बऱ्याच गोष्टींनी होतं. पण अल्सर होऊन गेल्यावर दिली तरी ते लवकर भरले. त्याच प्रयोगात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, सिमेटिडिन, प्रोस्टाग्लँडिन, एन-ॲसिटिलसिस्टीन हे सगळे आधी दिले तर कामाचे ठरले, पण झालेला अल्सर भरण्यात कमी पडले. हे वाचून मी थांबलो होतो. सिमेटिडिन म्हणजे त्या काळातलं राज्य करणारं औषध, आणि एका बाबतीत केळं त्याच्या पुढे. शिवाय तो गुण पाण्यात उतरतो आणि अर्क शुद्ध करत गेलं की ताकद साधारण ३०० पट वाढते असंही त्यांना मिळालं. याचा अर्थ नुसतं पीठ पोटात लेप लावून बसतंय एवढंच नसावं, आत काहीतरी ठरावीक द्रव्य आहे. त्यांचा अंदाज असा की जठराच्या अस्तराची वाढच होते, पेशी वाढतात, अस्तर जाड होतं.

आणि त्याच पेपरातली खरी मेख म्हणजे, पिकलेल्या केळ्याला आणि पिकवून खायच्या डेझर्ट जातीच्या केळ्याला तो गुण नव्हता.

आता हे टेस्ट करतात कसं ते जवळून बघू, कारण आपल्याकडे फार्मसी कॉलेजांत एम. फार्म. फार्माकॉलॉजीच्या डिझर्टेशनमध्ये हे मॉडेल इतकं घासलं जातं की काय मोजतोय याचा विचार मागे पडतो. उंदीर २४ तास उपाशी ठेवायचे, पाणी मात्र चालू. पिंजऱ्याला तळाशी जाळी पाहिजेच, नाहीतर उंदीर स्वतःची लेंडी खातात आणि पोट रिकामं राहतच नाही, मग एका उंदराचं अस्तर फाटलेलं आणि शेजारच्याचं ठणठणीत, आणि तुम्ही म्हणणार अर्काने फरक पडला. अर्क गोल टोकाच्या सुईने थेट पोटात सोडायचा, थोड्या वेळाने ॲस्पिरिन, बहुतेक लॅबमध्ये किलोला २०० मिलिग्रॅम. चार तासांनी उंदीर मारून जठर काढायचं, मोठ्या वळणाच्या कडेने कात्रीने उघडायचं, सलाईनने हळूच धुवायचं (जोरात धुतलं तर सैल रक्त निघून जातं आणि स्कोअर आपोआप सुधारतो!), मेणाच्या किंवा कॉर्कच्या पाटीवर टाचण्यांनी पसरायचं आणि भिंगातून बघायचं. निरोगी अस्तर फिकट गुलाबी, घड्या असलेलं दिसतं. ॲस्पिरिनवाल्यात काळपट तपकिरी ठिपके आणि रेघा, त्याही ग्रंथी असलेल्या खालच्या भागात. वरचा पांढुरका भाग उंदराला असतो, माणसाला नसतोच, तिथलं काही मोजायचं नाही. मग ठिपक्यांची संख्या, रेघांची लांबी यावरून अल्सर इंडेक्स काढतात, आणि प्रत्येक लॅबची इंडेक्स काढायची रीत वेगळी, त्यामुळे या पेपरचा ६५ टक्के आणि त्या पेपरचा ८० टक्के यांची तुलना करण्यात काही अर्थ नसतो. मोजणाऱ्याला कुठल्या उंदराला काय दिलं हे माहीत नसावं, एवढी साधी गोष्टसुद्धा किती ठिकाणी लिहिलेली नसते.

डोसचं गणित पण एकदा करून बघा. उंदराचा किलोला २०० मिलिग्रॅमचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने माणसाला लावला तर ६.२ ने भागायचं, ६० किलोच्या माणसाला साधारण १९०० मिलिग्रॅम येतात, म्हणजे ३२५ च्या सहा गोळ्या, रिकाम्या पोटी, एका दमात. आपली आजी असं करत नाही. ती रोज एक गोळी घेते, महिनोन्महिने, आणि तिचा अल्सर हळूहळू, बऱ्याचदा न दुखता होतो आणि एक दिवस रक्तस्राव करतो. चार तासांच्या मॉडेलमध्ये दिसतात त्या वरवरच्या खरवडीसारख्या जखमा, त्याला अल्सर म्हणायची पद्धत पडलीये एवढंच.

दोन सापळे अजून सांगतो, कारण वनस्पतींच्या अर्कांचे निम्मे रिझल्ट यात अडकतात असं माझं मत आहे. पहिला म्हणजे पावडर आणि ॲस्पिरिन दोन्ही तोंडाने दिली की पावडर ॲस्पिरिनला धरून ठेवू शकते किंवा पोटात थर करू शकते, म्हणजे वरची वाट बंद झाली, रक्तातली वाट तशीच उघडी. यावर उपाय सोपा आहे, इंडोमेथासिन (ही पण प्रोस्टाग्लँडिन बंद करणारी पेनकिलरच) कातडीखाली द्यायचं आणि अर्क तोंडाने. दुसरा सापळा आंद्रे रॉबर्ट यांनी दाखवला. अपजॉन या औषध कंपनीतले हे संशोधक, १९७९ मध्ये त्यांनी दाखवलं की प्रोस्टाग्लँडिन दिलं की कडक अल्कोहोल, उकळतं पाणी असल्या भयंकर गोष्टींपासून पण उंदराचं अस्तर वाचतं, आणि १९८३ मध्ये असं दाखवलं की सौम्य त्रासदायक काहीही आधी दिलं, पातळ ॲसिड म्हणा, पातळ अल्कोहोल म्हणा, तरी अस्तर स्वतःच प्रोस्टाग्लँडिन काढून सावध होतं. म्हणजे तिखट, तुरट, कसलाही अर्क घाला, इथेनॉलच्या, म्हणजे कडक अल्कोहोलने जखमा करायच्या मॉडेलमध्ये "संरक्षण" दिसणार! पण हा परिणाम इंडोमेथासिनने पुसला जातो. म्हणून एखादा अर्क इथेनॉलमध्ये छान चालला आणि इंडोमेथासिनमध्ये आडवा पडला की समजायचं काय ते.

केळं या दुसऱ्या परीक्षेत पास झालं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच पाहिजे. १९८६ मध्ये बनारस हिंदू युनिव्हर्सिटीच्या आर. के. गोयल, सन्याल वगैरेंनी ॲस्पिरिन, इंडोमेथासिन, फिनाइलब्युटाझोन, प्रेडनिसोलोन, सिस्टिअमिन असे वेगवेगळ्या वाटांनी अल्सर करणारे पदार्थ उंदरांत वापरले, शिवाय गिनीपिगमध्ये हिस्टामिन, आणि केळ्याच्या पावडरीने बचाव दिसला. अस्तराच्या डीएनएमध्ये किरणोत्सारी थायमिडिन किती शिरतं ते मोजलं, म्हणजे पेशी किती वेगाने नव्या होतायत ते, आणि ते वाढलेलं मिळालं. बर्मिंगहॅमवाल्यांचा "अस्तर वाढतं" हा अंदाज इथे वेगळ्या हातांनी तपासला गेला. असं फार कमी वेळा होतं. पुष्कळ झाडांची कहाणी एका कॉलेजात एका बॅचने केलेल्या एका प्रयोगावर संपते.

मग घोडं अडलं कुठे? तर "का होतं" यावर प्रत्येकाने आपापलं उत्तर काढलं. अस्तराची वाढ, हे एक झालं. १९८९ मध्ये गोयल आणि लंडनच्या ॲलन बेनेट यांच्या गटाने दाखवलं की केळ्याचा अर्क अस्तराकडून प्रोस्टाग्लँडिन घराण्यातली द्रव्यं जास्त काढून घेतो. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ब्रायन हिल्स म्हणाले की केळ्यातली स्निग्ध फॉस्फोलिपिडं अस्तरावर पाणी न धरणारा थर देतात. १९९३ मध्ये पेक्टिन आणि फॉस्फेटिडिलकोलिन पुढे आले. १९९९ मध्ये लुईस यांच्याच गटाने ल्युकोसायनिडिन नावाचं फ्लॅवोनॉइड (वनस्पतींतलं एका प्रकारचं द्रव्य) वेगळं काढून सांगितलं की ॲस्पिरिनपासून वाचवणारं हे, आणि २००१ मध्ये त्याचे कृत्रिम भाऊबंद बनवून तेही चालतात असं दाखवलं. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी खरी असू शकते, पण औषध करायचं तर कुठलं द्रव्य किती आहे हे बाटलीवर लिहावं लागतं, आणि इथे अर्क कशाच्या मापाने प्रमाणित करायचा यावरच एकमत नव्हतं.

प्रोस्टाग्लँडिनवाल्या उत्तरात तर एक काटा आहे जो मला नेहमी टोचतो. पोटात प्रोस्टाग्लँडिन वाढलं तर चांगलंच, पण अर्कातलं काही रक्तात जाऊन तेच गुडघ्यात करायला लागलं तर गोळीचा उपयोग काय राहिला? म्हणून असल्या प्रत्येक प्रयोगात त्याच उंदरांच्या पंजाला कॅराजिननने सूज आणून पेनकिलर अजून काम करतेय ना हे बघायला हवं. पोट वाचलं आणि गोळी पण निकामी झाली, याला संरक्षण म्हणत नाहीत.

आता केळं कुठलं, यावर येतो. पेपरांमध्ये नाव असतं मुसा सेपियंटम, व्हरायटी पॅराडिसिआका. ही लिनियसच्या, म्हणजे झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या अठराव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या काळातली नावं. १९५५ मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड यांनी दाखवलं की आपली खायची केळी मुसा ॲक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना या दोन जंगली जातींतून आलीयेत आणि ती एएए, एएबी, एबीबी अशा गटांत मांडायला हवीत (ए म्हणजे ॲक्युमिनाटाचा वाटा, बी म्हणजे बाल्बिसियानाचा). जळगावच्या रानात जिकडे बघाल तिकडे दिसणारं जी-नाईन म्हणजे ग्रँड नैन, कॅव्हेंडिश, एएए, निव्वळ डेझर्ट केळं. केरळचं नेंद्रन एएबी, प्लँटेन. वसईकडे सुकेळी होते ती राजेळीची, ते झाड जळगावच्या केळ्यापेक्षा वेगळंच. बर्मिंगहॅमचा निकाल धरला तर आपल्याकडे बाजारात जे कच्चं केळं म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं त्या प्रयोगात नापास झालेल्या जातीचं आहे. आणि डिझर्टेशनमध्ये काय लिहितात? "केळी स्थानिक बाजारातून आणली." संपलं. कुठली जात, किती दिवसांची, सालीसकट की सोलून, किती तापमानाला सुकवली, हर्बेरियममध्ये, म्हणजे सुकवलेल्या झाडांच्या संग्रहात, नमुना ठेवला का, काही पत्ता नाही. मग एकाचा रिझल्ट दुसऱ्याला येत नाही आणि दोघंही उंदरांना दोष देतात.

माणसांवर काय झालं? १९९० मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये अरोरा आणि शर्मा यांचं एक छोटं पत्र आलं, केळ्याची पावडर घेतलेल्या पेशंटना न घेतलेल्यांपेक्षा जास्त आराम पडला असं. पण हे पेशंट होते अल्सर नसलेल्या अपचनाचे. पेनकिलर घेणारे नव्हेत, अल्सरवाले तर नव्हेतच. पोटदुखी, गुबारा, जळजळ यांची तक्रार असणाऱ्यांत आराम पडला ही चांगली बातमी आहे, पण उंदरातल्या ॲस्पिरिनच्या प्रयोगांचा ती पुढची पायरी होऊ शकत नाही, कारण पेनकिलरच्या अल्सरमध्ये लक्षणं आणि जखम यांचा ताळमेळ फारसा नसतो. जळजळ भरपूर आणि एंडोस्कोपी साफ, किंवा तक्रार शून्य आणि थेट काळी शी.

याच्या शेजारी मिसोप्रोस्टॉल ठेवा. हे कृत्रिम प्रोस्टाग्लँडिन, अमेरिकेत १९८८ मध्ये याच कामासाठी मंजूर झालं, आणि पुढे १९९५ मध्ये ८,८४३ संधिवाताच्या पेशंटवर सहा महिने तपासून छापलं की रक्तस्राव, भोक पडणं असल्या गंभीर भानगडी सुमारे ४० टक्के कमी होतात. इतकं करूनही जुलाबामुळे लोक ते टाळतात आणि पॅन्टोप्राझोलच घेतात, ती गोष्ट वेगळी. पण पुरावा म्हणजे एवढा. केळ्यासाठी एवढा पैसा कोण घालणार होतं? पेटंट कशाचं घेणार, आणि तोपर्यंत ओमेप्राझोल येऊन बसलं होतं, मार्शल आणि वॉरन यांनी पोटातला हेलिकोबॅक्टर हा जंतू दाखवून अल्सरचं सगळं शास्त्रच फिरवलं होतं. गरज होती तेव्हा शुद्ध द्रव्य नव्हतं, द्रव्य मिळालं १९९९ ला तेव्हा गरज उरली नव्हती. निदान मला तरी हे असं दिसतं.

जाता जाता जेष्ठमधाचं, कारण ते प्रत्येकजण विचारतो. त्याच्यातून खरंच औषध निघालं होतं, कार्बेनॉक्सोलोन, १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अल्सरला चालायचं. पण जेष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनने आणि या कार्बेनॉक्सोलोनने अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी वाढतं, पोटॅशियम घसरतं. पेनकिलर पण बीपी वाढवतात. म्हणजे ज्या आजोबांना बीपी आहे आणि गुडघ्यासाठी गोळी चालू आहे त्यांनाच आपण जेष्ठमधाचा काढा भरभरून देतो, हे उलटंच झालं. ग्लिसिरायझिन काढून टाकलेलं जेष्ठमध वेगळं मिळतं, ते याच कारणासाठी.

कच्चं केळं भाजी म्हणून, उपासाला काप म्हणून खाण्यात काहीच वाईट नाही. फक्त किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियमकडे लक्ष द्यायचं, केळ्यात ते भरपूर आणि पेनकिलरने किडनी ते बाहेर टाकायला अजून कचरते. आणि ॲस्पिरिन जर हृदयासाठी डॉक्टरांनी चालू केली असेल तर केळं खाऊन पॅन्टोप्राझोल बंद करायचा पराक्रम करू नका. डांबरासारखी काळी, चिकट शी दिसली तर घरगुती काही न करता सरळ हॉस्पिटल.

ज्यांना यावर आजही डिझर्टेशन करायचंय त्यांना माझं म्हणणं एवढंच की अजून एक अल्सर इंडेक्स काढू नका. नेंद्रन आणि जी-नाईन शेजारी शेजारी घ्या, दोन्हीचा जीनोम गट आणि काढणीचं वय लिहा, ल्युकोसायनिडिन मोजा, डायक्लोफेनॅक छोट्या डोसमध्ये दोन आठवडे रोज द्या, पंजाची सूज त्याच उंदरांत बघा, ॲनिमल एथिक्स कमिटीकडे जाताना मोजणारा अंधारात असेल हे प्रोटोकॉलमध्येच लिहून टाका. आणि जठर काढल्यावर थांबू नका, छोटं आतडं पण उघडा. पेनकिलर तिथेही जखमा करतात, आणि ॲसिड बंद करणाऱ्या गोळ्यांचा तिथे उपयोग नसतो, कारण तिथे ॲसिडचं काम नाही, पित्त आणि जंतूंचं आहे. केळ्याच्या या बहुतेक जुन्या प्रयोगांचा रोख पोटावर होता. पोटासाठी आज गोळी आहे, आतड्यासाठी धड काही नाही, तेव्हा अर्क तपासायचाच असेल तर तिथे तपासलेला बरा.